अरुणाताईंचा बोट्सवाना

अरुणा देशकर यांची आणि माझी ओळख कॅनडात, माँट्रियलजवळच्या ब्रॉसार्डच्या लायब्ररीत झाली. तिथे मंगळवारी सकाळी ज्येष्ठांसाठी फ्रेंच बोलण्याचा वर्ग चालतो. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला विचारलं, तुम्ही कुठून आलात? मी 'ठाणे, इंडिया' म्हणून मोकळी झाले. माझ्या शेजारच्या बाईंनी, सुती साडीवर निळं जाकीट घातलेल्या, आधी मनाशी वाक्य जुळवलं आणि मग अडखळत सांगितलं, की नागपूर, मग बोट्सवाना, मग पुन्हा नागपूर आणि आता इथे. बोट्सवाना नेमकं कुठे, असं कुणीतरी विचारलं. त्या उठल्या आणि त्यांनी फळ्यावर एका झटक्यात आफ्रिका काढली, खाली दक्षिणेकडे एक चौकोनी तुकडा आखला आणि त्यात एक ठिपका दिला. तो ठिपका म्हणजे महालाप्ये. तिथल्या सरकारी शाळेत त्यांनी नऊ वर्षं गणित शिकवलं होतं.

वर्ग सुटल्यावर आम्ही एकाच बसने घरी जायचो. तेवढ्या वीस मिनिटांत त्यांनी मला हळूहळू सगळं सांगितलं. पुढचं जे मला कळलं, ते काही त्यांच्याकडून आणि काही त्यांची नात ईशानी हिच्याकडून.

नंदन देशकर हे त्यांचे यजमान. बोअरवेलचे इंजिनिअर. शहाऐंशी साली बोट्सवाना सरकारच्या पाणीखात्यात त्यांना नोकरी मिळाली, तेव्हा मुलगा जयदीप दोन वर्षांचा होता. अरुणाताई म्हणायच्या, अख्ख्या देशात आमच्या नागपूरपेक्षा कमी माणसं, आणि माणसांपेक्षा जास्त गाई. त्यांनाही तिथल्या शाळेत लगेच काम मिळालं. दोन वर्षांनी मुलींना धावायला शिकवणारे मास्तर बदली होऊन गेले आणि मुख्याध्यापक मोएती यांनी ते काम अरुणाताईंच्या गळ्यात घातलं. त्यांनी आयुष्यात बस पकडण्यापलीकडे कधी धाव घेतली नव्हती. तसं त्यांनी सांगूनही पाहिलं. मोएती म्हणाले, तुम्हाला पळायचं नाहीये, मुलींना पळायचंय.

मग त्या गणिताच्या बाजूने त्या कामाला भिडल्या. खुंटी आणि दोर घेऊन मैदानावर वळणं आखली, चुलीतली राख टाकून रेषा मारल्या. बाहेरच्या मुलीला आतल्या मुलीपेक्षा किती पुढून सोडायचं, याचा हिशेब त्यांनी वर्गात फळ्यावर मांडला, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलींनाही वर्तुळाचा परीघ पहिल्यांदा समजला. संध्याकाळी साडीचा पदर खोचून, कॅनव्हासचे बूट घालून, गळ्यात घड्याळ अडकवून त्या मैदानात उभ्या राहायच्या. मुली त्यांना 'म्मा अरुणा' म्हणायच्या. तिकडे बाईमाणसाला आदराने म्मा म्हणतात.

चार मुलींचा रिलेचा संघ तयार झाला. त्यातली केनेइल्वे नावाची उंच, अबोल मुलगी शेवटचे चारशे मीटर पळायची. चौऱ्याण्णव साली राजधानीत, गाबोरोनेला, सगळ्या देशातल्या शाळांच्या स्पर्धेत त्या तिसऱ्या आल्या. परतीच्या दोनशे किलोमीटरच्या प्रवासात मुली एकदाही गप्प बसल्या नाहीत, आणि ड्रायव्हरशेजारी बसून दहा वर्षांचा जयदीपही त्यांची गाणी त्यांच्याच भाषेत, सेत्स्वानात, म्हणत होता.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये नंदन गेले. साइटवरून परत येताना तिन्हीसांजेला रस्त्यावर गाय आडवी आली. त्यांची गाडी उलटली.

त्यानंतरचे दोन दिवस अरुणाताईंना तुकड्यातुकड्यांनी आठवतात. तिकडची पद्धत अशी, की घरात कुणी गेलं की गाव रोज संध्याकाळी त्या घरी जमतं. बायका बसतात, प्रार्थना म्हणतात, कुणीतरी मोठ्या किटलीत चहा करतं, तळलेले गोड गोळे करून आणतं. घरच्या माणसाला एकटं सोडत नाहीत. परक्या देशातल्या, परक्या धर्माच्या या बाईच्या क्वार्टरच्या अंगणातही साठ-सत्तर माणसं बसून होती. तिसऱ्या दिवशी गाबोरोनेला नेऊन अकरा वर्षांच्या जयदीपने अग्नी दिला. शाळेचं वर्ष पुरं करून अरुणाताई मुलाला घेऊन नागपूरला परतल्या.

तिथे त्यांनी शिकवण्या केल्या, शाळेत नोकरी केली, मुलाला इंजिनिअर केलं. तो माँट्रियलला आला, चैत्रालीशी लग्न झालं, ईशानी झाली, सेंट लॉरेन्स नदीच्या अलीकडे ब्रॉसार्डला घर झालं. दोन हजार सतरा साली आईला त्याने कायमचं इथे बोलावून घेतलं. मुलगा म्हणून त्याच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त एक होतं, तो बोट्सवानाबद्दल बोलत नसे. लहानपणी नागपूरला आल्यावर पहिल्याच महिन्यात अरुणाताईंनी केनेइल्वेचं आलेलं पत्र वाचून दाखवायला घेतलं, तर तो उठून न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून बसला. तेव्हापासून त्यांनी विषय काढला नाही. ज्या देशाने बाप नेला तो देश मुलाला नको असणार, असं त्या धरून चालल्या होत्या.

पण त्यांचा स्वतःचा जीव काही तिथून निघाला नाही. ऑलिम्पिक असो, कॉमनवेल्थ असो की आफ्रिकी देशांच्या स्पर्धा असोत, बोट्सवानाचं कोण पळतंय, कितवं आलं, किती वेळात आलं, हे सगळं त्या शोधून काढायच्या. बरीच वर्षं शोधण्यासारखं फार नसायचंच. पहिल्याच फेरीत बाहेर. मग लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये देशाला पहिलं पदक मिळालं, तेव्हा त्यांनी नागपूरला एकटीने शिरा करून खाल्ला. टोकियोत पुरुषांच्या रिलेला ब्राँझ मिळालं, तोवर त्या इथे आल्या होत्या. तेव्हाही त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दोन हजार चोवीसचा ऑगस्ट आला. पॅरिसला ऑलिम्पिक चालू होतं. गुरुवारी दुपारी अडीचला पुरुषांची दोनशे मीटरची अंतिम शर्यत होती आणि त्यात बोट्सवानाचा एकवीस वर्षांचा मुलगा होता. अरुणाताई खालच्या खोलीत एकट्या टीव्हीपुढे बसल्या. वीस सेकंदांच्या आत सगळं आटोपलं. तो पहिला आला होता. देशाचं पहिलंवहिलं सुवर्ण.

त्यांना कुणालातरी सांगायचं होतं. त्या जिना चढून वर गेल्या. जयदीपच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आत त्याची मीटिंग चालली होती. दाराशी क्षणभर उभ्या राहून त्या खाली आल्या आणि त्यांनी मला फोन केला. फोनवर त्या नीट बोलूही शकल्या नाहीत. मला आधी वाटलं, घरात काही वाईट झालं.

रात्री जेवताना मात्र त्यांनी न राहवून सांगितलं. जयदीप म्हणाला, "हो, न्यूज फीडमध्ये दिसलं," आणि त्याने चैत्रालीला गाडीच्या सर्व्हिसिंगचं विचारलं. ईशानीने फोनवर शोधून वाचून दाखवलं, की त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी उद्या अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर केलीय. चैत्राली हसली. जयदीपने ताट उचललं आणि तो उठला.

शुक्रवारी पाऊस लागला. सकाळपासून रात्रीपर्यंत, असा पाऊस ब्रॉसार्डला मी कधी पाहिला नव्हता. रस्ते भरले, संध्याकाळी वीज गेली. वीज गेली म्हणजे बेसमेंटमधलं पाणी बाहेर फेकणारा पंपही बंद. देशकरांच्या बेसमेंटमध्ये घोट्याएवढं पाणी आलं. चौघंही बादल्या घेऊन उतरले. ईशानी टॉर्च धरून खोके वर नेत होती. त्यातला एक खोका तळाशी भिजून फाटला आणि जिन्यावर फोटो पसरले.

ते तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेपर घालून एकेक मांडले. त्यात एका फोटोत मैदानावर चार काळ्यासावळ्या उंच मुली ओळीने उभ्या होत्या आणि त्यांच्यापुढे, एका मुलीच्या हातांच्या कैचीत, चड्डीतला एक किडकिडीत मुलगा.

"आजी, हू इज धिस किड?" तिने विचारलं.

अरुणाताईंनी जयदीपकडे पाहिलं. तो बादली खाली ठेवून आला, टॉर्चच्या उजेडात फोटो पाहिला आणि म्हणाला, "मी." मग बादली घेऊन पुन्हा खाली गेला. पण आजीने त्या रात्री नातीला रिलेच्या चारही मुलींची नावं सांगितली, आणि उद्या दुपारी सव्वातीनच्या सुमारास बोट्सवानाची पोरं पॅरिसला रिलेच्या अंतिम शर्यतीत पळणार आहेत, हेही सांगितलं.

शनिवारी लख्ख ऊन पडलं. वीज नव्हतीच. दोनच्या सुमारास अरुणाताई अंगणातल्या दोरीवर ओल्या चादरी घालत होत्या. शर्यतीचं त्या काहीच बोलल्या नव्हत्या. घरात एवढा पसारा पडलेला असताना शर्यत पाहायची आहे असं म्हणणं त्यांना बरं वाटेना. ते बोलली ईशानी. ती बापाला म्हणाली, की आजीला रेस बघायचीय, आणि यू नो शी वोन्ट आस्क.

जयदीपने फोनवर लावून पाहिलं. नेटवर्क इतकं मंद होतं, की चित्र उमटायचं आणि गोठायचं. त्याने हातातला मॉप भिंतीला टेकवला. "आई, चल," तो म्हणाला. "चपला घाल."

चैत्राली विमावाल्यांच्या फोनची वाट बघत घरी थांबली आणि हे तिघं निघाले. ताशेरो बुलेव्हारवरचे सिग्नल बंद होते, चौकाचौकात गाड्यांच्या रांगा. लायब्ररीच्या दारावर बंद असल्याचा कागद. मॉल उघडा होता, पण टीव्हीचं दुकान अंधारात. एका रेस्टॉरंटमध्ये वीज होती, तिथे बेसबॉल चालू होता आणि मालक चॅनल बदलायला तयार नव्हता. तीन वाजून गेले. अरुणाताई म्हणाल्या, राहू दे रे, निकाल काय नंतरही कळेल. जयदीपने गाडी शेजारच्या लाँगेय गावाच्या दिशेने घातली.

तिथे एका छोट्या दुकानांच्या रांगेत न्हाव्याच्या दुकानात दिवे दिसले. आत भिंतीवर टीव्ही होता आणि त्यावर लाल धावपट्टी. ईशानीने गाडी थांबायच्या आत दार उघडलं. आत जाऊन तिने फ्रेंचमध्ये भडाभडा काय सांगितलं कोण जाणे, पण मालक हातातली कात्री घेऊनच दारापर्यंत आला. तो कॅमेरूनचा, एतियेन नावाचा. त्याने वाट पाहणाऱ्या दोन गिऱ्हाइकांना सरकायला लावलं आणि अरुणाताईंना मधल्या खुर्चीवर बसवलं. तुम्ही कुणाच्या बाजूने, असं त्याने विचारलं. त्या म्हणाल्या, बोट्सवाना. त्याने त्यांच्या साडीकडे पाहिलं, पुन्हा चेहऱ्याकडे पाहिलं. मग अरुणाताईंनी मंगळवारच्या वर्गात शिकलेलं सगळं फ्रेंच गोळा करून त्याला सांगितलं, की मी तिथे नऊ वर्षं शिक्षिका होते, माझ्या मुली हीच शर्यत पळायच्या. एतियेनने टीव्हीचा आवाज वाढवला.

बंदूक वाजली. पहिल्या टप्प्यापासूनच अमेरिकेची मुलं जोरात होती. बोट्सवानाची मुलं त्यांना धरून होती. अरुणाताईंचं लक्ष पायांकडे नव्हतं, हातांकडे होतं. दांडी या हातातून त्या हातात जाताना त्या श्वास धरायच्या. दुसरा बदल नीट झाला. तिसरा झाला. शेवटच्या चारशे मीटरला दोनच देश पुढे उरले आणि बोट्सवानाकडून पळायला आला तो गुरुवारचाच मुलगा. एक पाऊल मागे, अर्धं पाऊल मागे. शेवटच्या वळणावर तो अमेरिकेच्या धावपटूच्या खांद्याशी आला.

"ताबोगा!" त्यांच्या मागून कुणीतरी ओरडलं. "ताबोगा! ताबोगा!"

सेत्स्वानात ताबोगा म्हणजे पळ. अरुणाताईंनी वळून पाहिलं. जयदीप खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा होता. त्यामुळे शर्यतीचा नेमका शेवट त्यांना दिसलाच नाही. त्या पुन्हा टीव्हीकडे वळल्या तेव्हा दोघंही रेषा ओलांडून गेले होते. अमेरिका पहिली, बोट्सवाना दुसरा, मधलं अंतर सेकंदाचा दहावा भाग. आफ्रिकेतला कुठलाच संघ याआधी एवढ्या जोरात पळालेला नव्हता, असं समालोचक सांगत होता. दुकानातले सगळे टाळ्या वाजवत होते. गळ्याला कापड बांधलेलं, अर्धे केस कापलेलं एक गिऱ्हाईक उठून अरुणाताईंचा हात हातात घेऊन हलवत होतं.

अरुणाताईंनी एतियेनचे आभार मानले. जयदीप आधीच बाहेर गेला होता. तो गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. त्या शेजारी बसल्या, ईशानी मागे. त्याने गाडी चालू केली, पुन्हा बंद केली.

"आई, बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हसलो होतो," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. त्या संध्याकाळी अंगणात बायका गात होत्या आणि तो घरामागे पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसून होता. तिथे केनेइल्वे आली. हाताला धरून त्याला मैदानावर घेऊन गेली. बाकीच्या तिघी तिथे होत्याच. त्यांनी त्याच्या हातात दांडी दिली आणि म्हणाल्या, ताबोगा. तो पळाला. पुढच्या मुलीला दांडी देताना तिच्याच पायात पाय अडकून दोघंही धुळीत लोळले. त्या सगळ्या हसायला लागल्या आणि तोही हसला. पोट दुखेपर्यंत. मग एकदम त्याला आठवलं, की बाबा नाहीत. घरी आला तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, कुठे होतास? तो म्हणाला, कुठे नाही.

"ट्वेंटी-नाइन इयर्स, आई. बोट्सवाना म्हटलं की मला ॲक्सिडेंट नाही आठवत. मला मी हसताना ऐकू येतो. मी कसा मुलगा होतो, असं वाटतं."

अरुणाताई म्हणाल्या, "मी ऐकलं होतं तुला हसताना."

जयदीपने मान वळवली.

"आपलं क्वार्टर मैदानाला लागून होतं, विसरलास का? बायका गायच्या थांबल्या होत्या आणि तुझा आवाज आला. आदल्या संध्याकाळपासून मी घोटभर पाणी प्यायले नव्हते. सगळ्या जणी कप पुढे करायच्या आणि मी तोंड फिरवायची. तुझा आवाज आला आणि मला तहान लागली. मी मागून चहा घेतला, दोन कप. तू कुठे होतास हे विचारलं, ते तुझ्या तोंडून ऐकावं म्हणून."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुला नको आहे असं वाटलं, राजा. तू नळ सोडून बसला होतास."

तो रडला. चाळीस वर्षांचा माणूस, लाँगेयच्या त्या पार्किंगमध्ये, स्टिअरिंगवर कपाळ टेकून. अरुणाताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो रडू दिला. ईशानीला मराठी पुरतं बोलता येत नसलं तरी कळतं सगळं. मग तिने मागून हळूच विचारलं, "बाबा, व्हिच लेग डिड यू रन?"

"थर्ड," तो नाक पुसत म्हणाला. त्यावर तिने मान डोलावली, जणू ही महत्त्वाची माहिती होती.

वीज रविवारी दुपारी आली. बेसमेंटचं कार्पेट काढून फेकावं लागलं, भिंतीही दोन फुटांपर्यंत नव्याने कराव्या लागल्या. ते काम ऑक्टोबरपर्यंत चाललं. त्या दिवसांत बापलेक खाली रंग देत बसायचे आणि अरुणाताई जिन्याच्या वरच्या पायरीवर मटार सोलत किंवा मेथी निवडत बसायच्या. जयदीप खालून विचारायचा. आपल्याकडे जो पांढरा कुत्रा यायचा त्याचं नाव काय? बाबा शीळ कुठली घालायचे? माझ्या मुंजीला सगळं गाव आलं होतं, हे खरं का? त्या आठवेल तसं सांगायच्या. बरंच त्यांना आठवायचं, काही अजिबात आठवायचं नाही. मग तो म्हणायचा, की मला वाटतं असं होतं, आणि त्या म्हणायच्या, असेल.

पुढे हिवाळ्यात एकदा मंगळवारी बसमध्ये त्यांनी मला सांगितलं, की काल जयदीपने विचारलं, बाबा मला शेवटचं काय म्हणाले होते?

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"खरं ते. सकाळी साइटवर जाताना हे त्याला म्हणाले होते, की डबा विसरू नकोस. तो विसरला होता. दुपारी मी नेऊन दिला."

"आणि तो काय म्हणाला?"

"हसला," त्या म्हणाल्या. बस थांबली, त्यांचा स्टॉप आला होता. त्या दांड्याला धरून सावकाश पायऱ्या उतरल्या आणि बर्फात पाय जपून टाकत घराकडे वळल्या.